ओके दाबण्याआधी

डायलॉग म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? बच्चन, निळू फुले, नाहीतर दादा कोंडके. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आठवते ती एक करड्या रंगाची चौकट. डावीकडे लाल गोळ्यात पांढरी फुली, मधे एक अगम्य वाक्य आणि खाली एकच बटण: ओके. आता बघा गंमत. नाव 'डायलॉग बॉक्स', पण बोलणार एकटा कॉम्प्युटर. आपण फक्त 'ओके' म्हणायचं. तेही काहीच ओके नसताना!

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हिंजवडी, कंपनीची एसी बस आणि फॉरिन क्लायंट येतो. माझा धंदा त्या मानाने जरा धुळीचा आहे. पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, औषधांचे होलसेलर, क्लासेस अशा ठिकाणी विंडोजवर चालणारी छोटी छोटी सॉफ्टवेअर्स असतात. कुणीतरी कधीतरी लिहिलेली. तो 'कुणीतरी' आता फोन उचलत नसतो. सॉफ्टवेअर रुसलं की मग मला बोलावणं येतं. गेली वीसेक वर्षं मी हेच करतोय.

आता तुम्ही म्हणाल, क्लाउड आणि मोबाईल अ‍ॅपच्या जमान्यात ही असली जुनी सॉफ्टवेअर्स वापरतं कोण? अहो, भरपूर लोक वापरतात. व्हिज्युअल बेसिक सिक्स १९९८ साली आलं. ते ज्यात लिहायचं त्या साधनाचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये बंद केला. पण त्यात लिहिलेले प्रोग्रॅम विंडोज ११ वरही चालतात. चालतंय ना, मग कशाला हात लावा, हा आपल्याकडचा सर्वमान्य फंडा.

तर आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण टेन्शन घेऊ नका. कोडची एक ओळसुद्धा नाही. जे कोड लिहितात, जे तो तपासतात आणि जे बिचारे दिवसभर त्या चौकटींना ओके म्हणत बसतात, अशा तिघांसाठी आहे. मुद्दा एकच. एरर ज्याच्या स्क्रीनवर येते, चूक त्याची असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच. बोलणी मात्र तोच खातो.

दोन प्रश्न आणि मधला निरोप्या

ऑफिसातलं कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, आत दोनच गोष्टी चालतात. एक, चौकट माणसाला प्रश्न विचारते: नाव काय, तारीख काय, रक्कम किती? दोन, प्रोग्रॅम ते उत्तर घेऊन डेटाबेसला प्रश्न विचारतो: या नावाचं कुणी आहे का, या तारखेला किती जमा झाले? या दुसऱ्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. त्याची भाषा जुनी आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली आणि आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये त्यासाठी भाषा मांडली. आजची एसक्यूएल तीच.

डेटाबेस अत्यंत आज्ञाधारक असतो. विचाराल तेवढंच आणि तसंच सांगतो. माणूसही बहुतेक वेळा बरोबरच सांगत असतो. लोच्या होतो तो मधल्या निरोप्याचा. माणसाचं उत्तर उचलून त्याचा प्रश्न बनवताना प्रोग्रॅम घोळ घालतो. आणि एररची चौकट उगवते ती माणसासमोर, कारण तिला दुसरीकडे उगवायला जागाच नाही.

नावात काय आहे? अपॉस्ट्रॉफी!

एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तक्रार होती की जुने पेशंट सापडत नाहीत. मालक डॉक्टरांचं निदान तयार होतं: "रिसेप्शनवरच्या मुली नीट टाइप करत नाहीत."

मी रिसेप्शनवरच्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पाऊण तासाने एक डिसूझा आडनावाच्या बाई आल्या. इंग्रजीत हे आडनाव लिहिताना 'डी'नंतर वर एक अपॉस्ट्रॉफी येतो. ताईंनी तो टाकलाच नाही. म्हटलं, "ताई, ते चिन्ह राहिलं." त्या म्हणाल्या, "नाही हो सर, ते टाकलं की लाल फुली येते. आम्ही टाकतच नाही. कुणी जोडून लिहितं, कुणी मधे जागा सोडतं."

झालं, केस सुटली! एसक्यूएलमध्ये मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे एकेरी अवतरणचिन्हाने दाखवतात. अपॉस्ट्रॉफी म्हणजे तेच चिन्ह. प्रोग्रॅमने चौकटीतलं नाव उचलून सरळ क्वेरीच्या मधे चिकटवलं, की डेटाबेसला वाटतं, नाव 'डी'पाशीच संपलं. पुढचं 'सूझा' म्हणजे काय ते त्याला कळत नाही. मग येते 'अनक्लोज्ड कोटेशन मार्क' नावाची एरर. ताईंनी आपल्या परीने वाट काढली होती. फक्त त्या वाटेने एकाच बाईंच्या तीन फाइली झाल्या होत्या. थायरॉइडचा मागचा आकडा एका फाइलमध्ये, त्याच्या आधीचा दुसऱ्या. डॉक्टर गोळीचा डोस ठरवतात तो मागचे आकडे बघून. म्हणजे प्रकरण टायपिंगच्या पलीकडचं होतं.

यावर बरेच प्रोग्रॅमर काय करतात? अपॉस्ट्रॉफी दिसला की त्याचे दोन करतात, किंवा तो टाकूच देत नाहीत. दोन्ही मलमपट्ट्या. खरं औषध म्हणजे पॅरामीटर. क्वेरीचा सांगाडा आधी वेगळा पाठवायचा, त्यात नावाच्या जागी एक रिकामा कप्पा ठेवायचा आणि नाव त्या कप्प्यात स्वतंत्र द्यायचं. मग नावात काहीही असो, डेटाबेस त्याला नावच समजतो, हुकूम समजत नाही. वसई-गोव्याचे डिसूझा, डिमेलो, डिकोस्टा सगळे सुखाने नांदतात.

आणि हो, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. ज्या फटीतून अपॉस्ट्रॉफी आत शिरतो, त्याच फटीतून मुद्दाम लिहिलेला हुकूमही शिरू शकतो. त्याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. 'फ्रॅक' या हॅकर नियतकालिकाने १९९८ मध्येच याबद्दल लिहिलं होतं. एवढ्या वर्षांनंतरही मला दर दोन-चार कामांमागे ही फट सापडतेच.

सात जुलै कसा जुळतो?

आता जरा गंभीर किस्सा. साल २००६, मे महिना. एका पतसंस्थेत ऑडिट चालू होतं. कॅशियर काका निवृत्तीला आलेले. हाताने लिहिलेली त्यांची रोजकीर्द आणि कॉम्प्युटरचा रिपोर्ट जुळत नव्हता. ५ जुलै २००५ ला कीर्दीत जमा ४१,३५० रुपये, रिपोर्टमध्ये २८,९००. अशा बऱ्याच तारखा. कुठे कमी, कुठे जास्त. पण लोकांना कमी तेवढंच दिसतं. मॅनेजर दबक्या आवाजात 'अफरातफर' हा शब्द वापरायला लागले होते. संचालक मंडळाची मीटिंग चार दिवसांवर होती. काकांच्या फंडाचे पैसे अडकवायची भाषा चालू झाली होती.

मला बोलावलं होतं ते काकांच्या विरुद्ध प्रिंटआउट काढून द्यायला! "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, हे एकदा तुम्ही लिहून द्या," मॅनेजर म्हणाले.

काका म्हणाले, "सर, तीस वर्षं कीर्द लिहितोय. एक खाडाखोड दाखवा."

अशा वेळी कोड उघडायचा मोह होतो. तो टाळायचा. आधी एक साधा प्रश्न विचारायचा: कुठे कुठे बरोबर येतंय? चुकलेल्या गोष्टी सगळेच दाखवतात. बरोबर असलेल्या कुणी दाखवत नाही, आणि खरी खूण तिथेच असते. मी काकांना जुलै महिन्याच्या जुळणाऱ्या तारखा वाचून दाखवायला सांगितल्या. ते वाचत गेले आणि मी कॅलेंडरवर टिका करत गेलो. १३ पासून पुढचे सगळे कामाचे दिवस जुळत होते. १ ते १२ मधलं काहीच जुळत नव्हतं. एक अपवाद होता. ७ जुलै.

सातवा महिना, सातवी तारीख. आलं लक्षात?

आपण तारीख आधी लिहितो, मग महिना. अमेरिकन लोक आधी महिना लिहितात, मग तारीख. पतसंस्थेचा डेटाबेस मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमधला होता. अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत दोन हॅश चिन्हांच्या मधे तारीख लिहिली, की विंडोजमध्ये भारतीय पद्धत निवडलेली असली तरी तो ती अमेरिकन पद्धतीनेच वाचतो. म्हणजे चौकटीत ऑडिटरने ०५/०७/२००५ टाकलं, की अ‍ॅक्सेस ७ मे चा हिशेब काढून देणार. मग १३/०७ चं काय? तेरावा महिना नसतोच. तिथे अ‍ॅक्सेस गुपचूप समजून घेतो, की हे १३ जुलै असणार. हाच त्याचा शहाणपणा घात करतो. त्याने तिथे एरर दिली असती, तर हा घोटाळा सॉफ्टवेअर बसवलं त्याच महिन्यात पकडला गेला असता. आणि ७ जुलै? उलटा वाचा की सुलटा, तो ७ जुलैच राहतो.

मी काकांना म्हटलं, "काका, ७ मे ची कीर्द काढा." त्यांनी पान उघडलं. जमा २८,९०० रुपये. पाच जुलैच्या रिपोर्टमध्ये आलेला तोच आकडा. मग ८ एप्रिलच्या रिपोर्टसाठी ४ ऑगस्टची कीर्द, ७ नोव्हेंबरसाठी ११ जुलैची. सगळं पैशाला पैसा जुळलं. मॅनेजर उभे राहून बघत होते. तोपर्यंत मी कोडला हातही लावला नव्हता.

हे वर्षभर कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण रोज संध्याकाळी छापायच्या रिपोर्टसाठी आजची तारीख डेटाबेस स्वतःच घ्यायचा. तिथे चौकट नाही, टाइप करणं नाही, म्हणून घोळही नाही. जुनी तारीख टाकायची चौकट वापरली जायची फक्त ऑडिटच्या वेळी. हिशेब करून बघा. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा सोडल्या, तर वर्षातले १३२ दिवस हे सॉफ्टवेअर खोटी साक्ष देत होतं. तीही एकदम छापील, कॉलमच्या रेषा मारून!

दुरुस्ती वीस मिनिटांची होती. इथेही पॅरामीटर. तारीख मजकूर म्हणून न देता तारीख म्हणूनच द्यायची. तेवढं जमण्यासारखं नसेल, तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने लिहायची. मग अ‍ॅक्सेसला उलटसुलट वाचायला वाव राहत नाही. मीटिंगसाठी मी एक पानाचं पत्र दिलं. त्यात कीर्द बरोबर आणि रिपोर्ट चूक हे पहिल्याच वाक्यात लिहिलं. काकांचे पैसे वेळेवर मिळाले.

जेवायची सुट्टी

काही एरर घड्याळ लावून येतात. औषधांच्या एका होलसेलरकडे रोज दुपारी दीड ते दोनच्या मधे 'टाइमआउट एक्स्पायर्ड' यायचं. तेही चार नंबरच्या टेबलावर. तिथला मुलगा नवीन होता. साहजिकच सगळ्यांचं ठरलं, की हाच काहीतरी दाबतो. त्याने बिचाऱ्याने दोनदा मशीन बदलून घेतलं होतं.

तुम्हीच सांगा, दीड ते दोन काय असतं? जेवण! एक नंबर टेबलावरचे भाऊ बिल बनवायचे, 'सेव्ह' दाबायचे आणि डबा खायला जायचे. सेव्ह दाबल्यावर सॉफ्टवेअर डेटाबेसमध्ये व्यवहार उघडायचं, स्टॉक कमी करायचं आणि व्यवहार बंद करायच्या आधी विचारायचं: 'पावती छापायची का? हो / नाही.' भाऊ तोपर्यंत पोळी-भाजीवर. चौकट उत्तराची वाट बघत उभी आणि व्यवहार उघडाच. व्यवहार उघडा असेपर्यंत डेटाबेस त्या औषधाच्या स्टॉकला कुलूप लावून बसतो. चार नंबरच्या मुलाला नेमकं तेच औषध हवं असलं, की त्याची क्वेरी रांगेत थांबते. प्रोग्रॅममध्ये वेगळं काही सांगितलेलं नसेल, तर मायक्रोसॉफ्टच्या नेहमीच्या पद्धतीत ही थांबायची मर्यादा ३० सेकंद असते. ती संपली की एरर. एक नंबरवर बघावं तर सगळं शांत.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर हे शोधायला 'एसपी हू टू' नावाचा हुकूम आहे. कोण कुणामुळे अडलंय ते तो एका रांगेत दाखवतो. पण मशीनवर जायच्या आधी 'किती वाजता येते?' एवढं विचारलं तरी अर्धं काम होतं. इथे नियम सोपा आहे. माणसाला जे विचारायचं ते आधी विचारून घ्या, मग व्यवहार उघडा आणि झटक्यात बंद करा. व्यवहार उघडा ठेवून माणसाला प्रश्न विचारायचा नाही. माणूस जेवायला जातो, चहाला जातो, कधीकधी तर लग्नालाही जातो.

एन्टर, एन्टर, एन्टर

सॉफ्टवेअर 'हँग' होणं हा आपला राष्ट्रीय अनुभव. बटण दाबलं, स्क्रीन पांढुरकी झाली आणि वर टायटलमध्ये आलं 'नॉट रिस्पॉन्डिंग'. आत काय होतं? समजा एका हॉटेलात एकच पोरगा आहे. तोच टेबलावर ऑर्डर घेतो आणि तोच आत जाऊन डोसा होईपर्यंत तव्यापाशी उभा राहतो. बाहेर तुम्ही हाका मारा, टेबल बडवा, तो येणार नाही. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये चौकट सांभाळणारा आणि क्वेरी पाठवून उत्तराची वाट बघणारा हा एकच पोरगा असतो. पाच सेकंद त्याने हाकेला ओ दिली नाही, की विंडोज त्याला 'नॉट रिस्पॉन्डिंग' ठरवतं. खरं तर तो मेलेला नसतो, कामात असतो.

उपाय म्हणजे आतल्या कामाला दुसरा पोरगा ठेवायचा. डॉट नेटमध्ये २००५ पासून त्यासाठी तयार सोय आहे, आणि २०१२ मध्ये सी शार्प भाषेत 'असिंक-अवेट' आल्यापासून तर ते फार सोपं झालं. पण स्क्रीन अडकली की माणूस काय करतो? पुन्हा एन्टर मारतो. मग पुन्हा. तुम्ही-आम्ही सगळेच मारतो.

याची किंमत काय होऊ शकते, ते ब्रिटनच्या पोस्ट खात्याला विचारा. तिथे १९९९ पासून 'होरायझन' नावाची कॉम्प्युटर सिस्टीम बसवायला सुरुवात झाली. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन गावच्या पोस्टात ८,००० पौंडांची नोंद करताना स्क्रीन अडकली. पोस्ट चालवणाऱ्या बाईंनी पुन्हा पुन्हा एन्टर दाबलं. नोंद चार वेळा झाली, ३२,००० पौंडांची! म्हणजे त्यांच्या नावावर २४,००० पौंडांची तूट. ही चूक वेळेत पकडली गेली. पण होरायझनमध्ये इतरही दोष होते, आणि तिच्या आकड्यांवर विश्वास ठेवून १९९९ ते २०१५ या काळात ब्रिटनमध्ये ९०० हून जास्त पोस्टचालकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. काही जण तुरुंगात गेले, काहींचं दिवाळं निघालं. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सिस्टीममध्ये दोष असल्याचा निकाल दिला. मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधले ते निकाल रद्द केले. या लोकांनी वर्षानुवर्षं एकच सांगितलं होतं: आम्ही पैसे घेतलेले नाहीत, सिस्टीम चुकतेय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही असं समजणारे मॅनेजर आपल्याकडेच असतात असं नाही.

म्हणून प्रोग्रॅमरसाठी दोन गोष्टी. बटण एकदा दाबलं की काम संपेपर्यंत ते बंद ठेवा. आणि प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच एक वेगळा नंबर द्या, म्हणजे तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस स्वतःच नाकारेल. पहिली गोष्ट सौजन्याची, दुसरी विम्याची.

'यशस्वीरीत्या सेव्ह झालं!'

एररच्या चौकटीपेक्षा भयंकर चौकट एकच, ती म्हणजे खोटी आनंदाची. व्हिज्युअल बेसिकमध्ये 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' अशी एक ओळ लिहिता येते. अर्थ असा की काही चुकलं तरी गप्प बसून पुढच्या ओळीवर जा. एका क्लासच्या फीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही ओळ पार वरती लिहून ठेवली होती. नेटवर्कची केबल सैल झाली की नोंद डेटाबेसपर्यंत पोहोचायची नाही, पण पुढच्या ओळीवर 'फी यशस्वीरीत्या जमा' ही चौकट यायची आणि पावतीही छापून यायची. पालकांकडे पावती, रजिस्टरला नोंद नाही. मधल्या मधे फी घेणाऱ्या मावशींकडे सगळे संशयाने बघणार.

नव्या भाषांतही हा प्रकार आहेच, फक्त त्याला आता रिकामा 'कॅच' म्हणतात. एरर पकडायची आणि गिळून टाकायची. नियम असा ठेवा, की नोंद झाली हे डेटाबेसने सांगितल्याशिवाय 'झालं' म्हणायचं नाही. आणि एरर आली तर ती वेळ, मशीन आणि युजरच्या नावासकट फाइलमध्ये लिहून ठेवायची. आज गिळलेली एरर सहा महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर निघते.

चटकन टिपा: चौकटीच्या दोन्ही बाजूंसाठी

समोर चौकट आली तर:

• ओके दाबायच्या आधी कंट्रोल आणि सी दाबा. विंडोजच्या साध्या मेसेजच्या चौकटीतला सगळा मजकूर कॉपी होतो. तो मेलमध्ये चिकटवा. हे जाम कमी लोकांना माहीत असतं. कॉपी झालं नाही तर मोबाईलने फोटो काढा.

• वेळ लिहा. आधी काय केलं होतं तेही लिहा. 'काही नाही केलं, आपोआप आलं' याचा आम्हाला शून्य उपयोग!

• कुठे चालतंय, तेही सांगा. दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या तारखेला, दुसऱ्या नावाला.

• स्क्रीन अडकली तर पुन्हा पुन्हा एन्टर मारू नका. नोंद झाली का ते आधी तपासा.

चौकट तुम्ही लिहिलेली असेल तर:

• युजरने टाकलेलं काहीही क्वेरीत चिकटवू नका. पॅरामीटर वापरा. नाव, तारीख, रक्कम सगळ्याला.

• रिकामी जागा आणि 'माहीतच नाही' या डेटाबेसच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'माहीत नाही'ला नल म्हणतात, आणि 'बरोबर नल' असं विचारलं तर उत्तर कधीच येत नाही. 'इज नल' असं विचारावं लागतं. मोबाईल नंबर नसलेल्या ग्राहकांची यादी रिकामी येतेय? आधी हे बघा.

• नवीन मशीनवर 'प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही' असं आलं आणि डेटाबेस जुना अ‍ॅक्सेसचा असेल, तर मशीनला दोष देऊ नका. त्याचा जुना जेट ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. प्रोग्रॅमही ३२ बिटचा बनवा.

• चौकटीतलं वाक्य असं लिहा, की वाचणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळेल. 'एरर नंबर अमुक' हे तुमच्या फाइलसाठी ठेवा. माणसाला सांगा, 'नोंद झालेली नाही. तुम्ही भरलेलं तसंच आहे. दोन मिनिटांनी पुन्हा सेव्ह करा.'

आणि तुमच्यापैकी जे अशी सॉफ्टवेअर्स लिहितात किंवा त्यांच्या टीम चालवतात, त्यांना या आठवड्याचा होमवर्क. ते सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी अर्धा तास खुर्ची टाकून बसा. काही शिकवू नका, काही विचारू नका. ती व्यक्ती काय काय टाळते तेवढं फक्त बघा. कुठलं चिन्ह टाकत नाही, कुठलं बटण दोनदा दाबते, कुठला आकडा बाजूच्या वहीत लिहून ठेवते. त्या वहीला हसू नका. सॉफ्टवेअर आणि वही जुळली नाही, तर तपास सॉफ्टवेअरपासून सुरू करा. चहा मात्र तुमच्याकडून!